मेंग आजींची कूस

डोळ्यांच्या विभागात शिकाऊ डॉक्टर ताक ग्युमिनचं हे पहिलंच वर्ष. छुसॉकच्या सणाची सुट्टी लागली आणि जंजू शहरातलं ते हॉस्पिटल निम्मं रिकामं झालं. ऑपरेशन थिएटर आता सोमवारीच उघडणार. तोवर वॉर्डात ग्युमिन एकटा, आणि सात नंबरच्या खोलीत मेंग आजी.

आजींच्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटायला लागला होता. पडद्याला भोक, त्यातून पाणी मागं शिरतंय. जेवढा पडदा सुटेल, तेवढी नजरेत काळी सावली. मधला भाग अजून शाबूत, म्हणून नजर शाबूत. सोमवारपर्यंत इलाज एकच: भोक ज्या बाजूला, ती बाजू खाली ठेवून पडून राहायचं. पाणी मधे येऊ द्यायचं नाही.

शुक्रवारी ग्युमिननं भिंगातून बघून भोक कागदावर काढलं. खाली, नाकाच्या बाजूला. सीनियर ओक सोरिन गावाला निघाली होती, तिनं चित्र बघूनच सांगितलं, "डाव्या कुशीवर ठेव. आणि हलू देऊ नको हां, म्हातारी चुळबुळी दिसतीय."

शनिवारी सकाळी तो गेला तर आजी तशाच, दगडासारख्या.

"रात्रभर हलले नाही बघा, डॉक्टर."

सून नाशपाती सोलत होती. "लग्नानंतर पहिल्यांदाच बघतेय, आईंनी कुणाचंतरी ऐकलं!"

"शाब्बास आजी," ग्युमिन हसला. "सावली कुठंय आता?"

"खालनंच की. नाकाकडनं वर चढतीय. काल एवढी नव्हती."

त्याचं हसू तोंडातच राहिलं.

डोळ्यात सगळं उलटं. सावली खाली नाकाकडं, म्हणजे भोक वर, कानाकडं. भिंगातूनही उलटंच दिसतं, म्हणून चित्र काढताना कागद उलटा ठेवायचा, की जागा आपोआप बरोबर येते. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. आणि शुक्रवारी? कागदावर छापलेलं आजींचं नाव त्यानं सरळ वाचलं होतं, म्हणजे कागद उलटा केलाच नव्हता. त्याला स्वच्छ आठवलं.

म्हणजे रात्रभर पाणी वरनं मधे ओघळत होतं. आजींनी जितकं ऐकलं, तितकं जास्त.

"आजी, उजवीकडं वळा. हळू. मी धरतो."

"अहो, काल तर डावीकडं म्हणालात!"

"चुकलं माझं."

सुनेचा सुरा थांबला.

बाहेर येऊन त्यानं फाईल उघडली. नवीन चित्र काढायला दोन मिनिटं लागली असती. सही त्याचीच. कोण विचारणार होतं?

त्यानं फोन लावला.

"काय रे, सणाचं जेवू देशील की नाही?" सोरिन म्हणाली. मागं माणसं हसत होती.

त्यानं सगळं सांगितलं. मागचा आवाज तुटला, बहुतेक ती बाहेर आली.

"मधलं गेलंय का?"

"माहीत नाही, मॅडम."

"माहीत नाही? बघितलं नाहीस?"

"भीती वाटली."

"गाढवा, आत जा. फोन चालू ठेव. डावा डोळा झाक आणि तुझ्या तोंडाकडं बघायला सांग. मधलं शाबूत असेल तर मोठ्या सरांच्या पाया पडून आजच थिएटर उघडायला लावते. आणि गेलं असेल तर..."

त्यानं आजींचा डावा डोळा तळहातानं झाकला. "माझ्याकडं बघा, आजी. काय दिसतंय?"

आजींनी बराच वेळ बघितलं. उत्तर चुकू नये म्हणून.

"केस दिसतायत," त्या म्हणाल्या. "हा एक कान दिसतोय. तोंड कुठं ठेवलंत, डॉक्टर?"

"काय म्हणाल्या?" खिशातल्या फोनमधून सोरिन विचारत होती. "ग्युमिन? काय म्हणाल्या?"