शोभेचे दोन खांब

खांबावर टकटक केल्याशिवाय केसचा कागद उघडायचा नाही, असा सिमेंटवकिलांचा नेम होता. हे नाव त्यांना कोर्टातल्या मंडळींनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की पोस्टमनसुद्धा तेच विचारत यायचा. आर्किटेक्ट असो, इंजिनिअर असो नाहीतर बिल्डर, पक्षकार दारात आला की वकील आधी पायात चपला सरकवायचे आणि म्हणायचे, "चला, इमारत बघू. ती तुमच्यापेक्षा खरं बोलते." मग तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढायचं, प्रत्येक खांबावर बोटाच्या पेराने ठोकायचं आणि कान लावून ऐकायचं. बाकीचे वकील हसायचे. हसोत बापडे. या माणसाची बेचाळीस वर्षं याच टकटकीवर निघाली.

आता गुडघ्यांनी राजीनामा दिला होता आणि ऑफिस मुलीच्या हातात गेलं होतं. मुलगीही वकील, बापाहून चार पावलं पुढेच. वकील रोज अकराला यायचे, जुन्या फायली पुढ्यात घ्यायचे, काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवायला बसायचे, आणि संध्याकाळपर्यंत एक कागद टाकलेला नसायचा. टाकणार कसा? प्रत्येक फायलीतून कोणीतरी उठून बसायचं. उलटतपासणीत गोंधळून स्वतःच्या बायकोचं नाव विसरलेला, पण स्लॅबचं वजन किलोत सांगणारा तो इंजिनिअर. न्यायाधीशांचं टेबल एका बाजूला कलतंय हे पाण्याची नळी लावून भर कोर्टात दाखवणारा तो बिल्डर. टेबल खरंच कलत होतं. केस मात्र तो हरला.

"कसली माणसं होती गं," वकील म्हणायचे.

"बाबा, आज तरी एक कपाट रिकामं करा," मुलगी म्हणायची.

एका सकाळी तिने त्यांच्यापुढे एक अहवाल ठेवला. "बघा, तुमच्या मास्तरांची बिल्डिंग निघाली."

मास्तर म्हणजे वकिलांचे पहिले पक्षकार. धंद्याने आर्किटेक्ट, पण तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, म्हणून सगळ्या गावाचे मास्तर. त्यांच्या बाकीच्या इमारती एकेक करून पाडल्या गेल्या होत्या. ही तेवढी तीन मजल्यांची उरली होती. आता एका बिल्डरला तिथे वीस मजले चढवायचे होते आणि तो बिल्डर मुलीचा पक्षकार होता. रहिवासी जागा सोडायला तयार नव्हते. तेव्हा बिल्डरने काँक्रीटची तपासणी करून घेतली. अहवालात निकाल होता: इमारत राहण्यास धोकादायक. त्यावर एकदा पालिकेचा शिक्का बसला, की महिन्याभरात सगळ्यांनी बोजाबिस्तरा उचलायचा.

वकिलांनी चष्मा पुसून अहवालातला नकाशा पाहिला. काँक्रीटचे चार नमुने काढले होते आणि चारही पुढच्या दारातल्या दोन खांबांतून. साहजिकच होतं. गाडी तिथे उभी राहते, मशीनला वीज तिथे मिळते, जिना चढायचं काम नाही. वकिलांनी चष्मा काढला आणि पायात चपला सरकवल्या.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

"काही नाही. मी मास्तरांकडे जाऊन येतो. कशाला ते विचारू नकोस. तुझा पक्षकार वेगळा आहे."

मुलगी बापाची होती. तिने विचारलं नाही. फक्त शिक्क्यासाठी जायचा अहवाल तिने टेबलाच्या खणात ठेवला.

वकिलांना जे माहीत होतं, ते बोलायची त्यांना सोय नव्हती. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने मरेपर्यंत पोटात ठेवायची असते. बेचाळीस वर्षांपूर्वी याच इमारतीला तडे गेले, मालकाने मास्तरांवर केस केली आणि त्यांचं लायसन्स जायची पाळी आली. कोवळ्या वकिलाने तेव्हा पहिल्यांदा खांब ठोकून पाहिले. पुढचे दोन वेगळेच बोलले. मास्तर आधी लाल झाले, मग म्हणाले, "ते खोटे आहेत रे. आत सळई नाही. उरलंसुरलं काँक्रीट ओतलंय. वर तुळईला टेकतसुद्धा नाहीत, दोन बोटांची फट आहे, गिलाव्याने झाकलीय. आमच्या हिने नकाशा पाहिला आणि म्हणाली, पुढून घर बोळकं दिसतंय, दोन दात बसवा. बसवले."

आणि हा माणूस वर्गात काय शिकवायचा? खांबाने भार उचलावा, नुसतं उभं राहून मिरवू नये. दोन पिढ्यांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं.

वकिलांनी तेव्हा सल्ला दिला, "विचारलं नाही तर सांगायचं नाही. घराबाहेर अवाक्षर नको." तडे शेजारच्या खड्ड्यामुळे गेले होते, ते त्यांनी सिद्ध केलं. खांबांचं कोणी विचारलं नाही. मास्तर सुटले आणि सिमेंटवकिलांचं नाव झालं.

मास्तर आता ब्याऐंशीचे. वहिनी जाऊन सहा वर्षं झालेली. ते खिडकीशी बसले होते. वकिलांनी अहवाल त्यांना तोंडी सांगितला.

"पाडतील?" मास्तर म्हणाले.

"पाडतील. आणि धोकादायक म्हणून पाडतील. बिल्डरची आणि रहिवाशांची बैठक आहे, तिथे तुम्ही बोललात तर नाही."

"बोललो तर लोक हसतील. माझेच विद्यार्थी हसतील."

"हसतील."

मास्तर म्हणाले, "पाडण्याचं मला काही नाही रे. पाडा. वीस मजले बांधा. पण माणसं चाळीस वर्षं त्या घरात निर्धास्त झोपली, आणि आता त्यांना सांगायचं, की तुम्ही मरणाच्या छपराखाली झोपत होता? माझ्या नावावर?" त्यांनी काठी जवळ ओढली. "कधी आहे बैठक?"

बैठक गुरुवारी मुलीच्या ऑफिसात झाली. एका बाजूला बिल्डर, दुसऱ्या बाजूला रहिवाशांच्या सेक्रेटरीबाई. बाईंचा चेहरा उतरला होता. अहवाल वाचल्यापासून त्या नातवंडांना बहिणीकडे ठेवत होत्या. मास्तर काठी टेकत आत आले. बसले नाहीत.

"पुढचे दोन खांब खोटे आहेत," ते म्हणाले. "मी केले. दिखाऊ. त्यांच्यावर काहीही उभं नाही. तुमच्या तपासणीवाल्यांनी माझ्या घराला सोडून माझ्या खोटेपणाला भोक पाडलं."

बिल्डर हसला. "मास्तर, मी तुमचाच विद्यार्थी. तुम्ही मला याच गोष्टीसाठी नापास केलं होतं."

"बरोबरच केलं होतं," मास्तर म्हणाले. "मलाही करायला हवं होतं."

बिल्डर आपल्या वकिलाकडे वळला. म्हातारा काहीही बोलतोय, असं त्याला मुलीकडून ऐकायचं होतं. मुलगी शांतपणे म्हणाली, "साहेब, हे ऐकल्यावर तो अहवाल पुढे पाठवला, तर तुम्ही अडकाल आणि मीही. परत नमुने घ्या. या वेळी जिना चढून." बिल्डरचं तोंड आंबट झालं, पण माणूस धंद्यातला होता, खोल पाण्यात उतरणारा नव्हता.

शनिवारी मशीन परत आलं. मास्तर आधीच इमारतीच्या ओट्यावर येऊन बसले होते. आधी पुढच्या खांबाच्या डोक्यावरचा गिलावा फोडला. कारागिराने पोलादी पट्टी फटीत सरकवली आणि ती आरपार गेली. बाईंनी स्वतःच्या हाताने ती दोनदा सरकवून पाहिली. मग मंडळी आतल्या खांबाकडे गेली. अर्ध्या तासात मशीनचं एक पातं मोडलं. कारागीर घाम पुसत म्हणाला, "काय घालून ठेवलंय ह्यात? दगड परवडला." बाई मटकन पायरीवर बसल्या आणि रडायलाच लागल्या. मग डोळे पुसून त्यांनी बहिणीला फोन लावला, की पोरांना घेऊन ये.

वकिलांना इतका आनंद झाला, की ते गुडघे विसरून मास्तरांच्या शेजारी ओट्यावर चढून बसले. पहिली केस आठवली, तो निकाल, तो दिवस, काळा कोट अंगात सैल होता ते. "मास्तर," ते म्हणाले, "आपण दोनदा जिंकलो या इमारतीवर."

मास्तर त्या दोन खांबांकडे पाहत होते. "हिला फार कौतुक होतं त्यांचं. येईल जाईल त्याला सांगायची, घर यांचं, पण हे दोन खांब माझे. तुझा निरोप मी तिला दिला. घराबाहेर अवाक्षर नको. ती बरं म्हणाली. त्यानंतर तिने कधी कोणाला सांगितलं नाही. हळूहळू या रस्त्याने यायचंच सोडलं. भाजीलासुद्धा लांबच्या वाटेने जायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, तिथे आलं की बोलावंसं वाटतं."

मास्तरांना तर वकिलांनी त्या दिवशी वाचवलंच होतं. पण वहिनींच्या हातचा चहा त्यांनी पुढे शंभर वेळा प्यायला, आणि त्या कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. बेचाळीस वर्षांत ते कोर्टात कोणाला चुकलो म्हणाले नव्हते. धंद्यात ते चालतच नाही.

"मास्तर, माझं चुकलं," ते म्हणाले. "वहिनींना तरी बोलू द्यायला हवं होतं."

मास्तरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. खाली कारागीर सामान आवरत होता. जाता जाता त्याने वर पाहून विचारलं, "आजोबा, हे पुढचे दोन कोणाचे म्हणालात?"

"माझ्या बायकोचे," मास्तरांनी मोठ्याने सांगितलं.