दोन बेडकांच्या चिठ्ठ्या

संग्रहालयाच्या तळघरात अकरा हजार बरण्या होत्या. प्रत्येकीत स्पिरिटमध्ये बुडालेला एखादा बेडूक नाहीतर साप, आणि या सगळ्या मुक्या प्रजेवर राज्य एकट्या बरणीबाईंचं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बावीस वर्षांत त्यांनी स्पिरिट बदललं, झाकणं बदलली, तीन साहेब बदलताना पाहिले. खुर्ची मात्र बदलू दिली नाही.

तळघराचे नियम दोनच. एका वेळी एकच बरणी उघडायची. आणि प्राण्याला बांधलेली चिठ्ठी कधीही काढून टाकायची नाही. ही चिठ्ठी बेडकाच्या पायाला बांधतात. सापाला, जिथे त्याची कंबर असावी असं आपल्याला वाटतं तिथे. तिच्यावर क्रमांक, आणि तो क्रमांक नोंदवहीत शोधला की कळतं, जीव कुठे सापडला, कधी सापडला. चिठ्ठी चुकीची ठरली तरी ती तशीच ठेवायची आणि शेजारी दुसरी बांधायची. माणसं आपल्या चुका पुसून टाकतात. तळघरात त्या धाग्याने बांधून ठेवत.

त्या वर्षी बरणीबाईंना चारशे बारा नंबरच्या बेडकाचं खूळ लागलं. स्पिरिट बदलताना त्यांनी त्याचा मागचा पाय सहज ताणून पाहिला आणि तशाच उभ्या राहिल्या. त्या जातीच्या बेडकांच्या बोटांमधला पडदा पार टोकापर्यंत जातो. याचा अर्ध्यावरच थांबला होता. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्याचं डोळ्याला लावायचं एक भिंग बाईंनी कधीच पळवलेलं होतं. ते लावून त्यांनी दोन्ही पाय पाहिले, मग त्या जातीचे बरण्यांतले एकोणचाळीस बेडूक काढून, अर्थात एकेक करून, त्यांचेही पाय पाहिले. एकोणचाळीस एकीकडे, हा एकटा दुसरीकडे.

त्या वर साहेबांकडे गेल्या. मोठे साहेब अडचणीच्या प्रश्नावर आधी चष्मा पुसत. त्या दिवशी त्यांनी दोनदा पुसला.

"बाई, इतकी वर्षं स्पिरिटात राहिलं की पडदा आकसतो."

"बाकीच्यांचा नाही आकसला, साहेब."

"मग याचा जास्त आकसला असेल. एका पायावर नवी जात उभी राहत नाही."

"दोन्ही पाय पाहिलेत मी," बाई म्हणाल्या.

नव्या आलेल्या छोट्या डॉक्टरने मात्र भिंगातून पाहिलं आणि तिचा चहा टेबलावर गार झाला. बेडकांवरच शिकून आलेली, अंगाने काडी, आवाजाने नगारा. "बाई, हा वेगळाच आहे! पण जिवंत पाहिजे. त्याचा आवाज, जनुकं, सगळं लागेल. कुठला आहे हा?"

चारशे बारा, नोंदवही सांगत होती, पूर्वेच्या घाटातल्या ओढ्याचा.

दोघी घाटात गेल्या. एकदा नव्हे, तीनदा. मिळून बारा दिवस. जळवा किती लागल्या ते बाईंनी मोजलं नाही, पण बेडूक मोजले: शहाऐंशी. प्रत्येकाचा पाय ताणला, प्रत्येकाचा पडदा टोकापर्यंत. घरी आल्यावर सासूबाईंनी सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सूनबाई, शहाऐंशी जणांचे पाय धरलेस. माझे गुडघे दुखतात तेव्हा हात रिकामा नसतो तुझा."

"झालं समाधान?" मोठ्या साहेबांनी विचारलं. चष्मा न पुसता.

"नाही," बाई म्हणाल्या.

छोटी डॉक्टर तेवढी हिरमुसली. पण निदान जुन्या नमुन्याचं वर्णन तरी पुरं करून ठेवू, म्हणून तिने पकडतानाचं माप मागितलं. ते नोंदवहीत नसतं. ते असतं पकडणाऱ्याच्या टिपणवहीत. हे बेडूक पकडले होते म्हाताऱ्या संग्राहकांनी. ते मोठ्या साहेबांचे गुरू; आता फक्त भिंतीवरच्या फोटोत. त्यांची टिपणवही साहेबांच्या कपाटात कुलपात असे. बाईंनी ती सही देऊन खाली आणली आणि पान उघडलं.

चारशे बारा. नर. लांबी एकतीस मिलिमीटर.

बाईंनी बेडूक ताटात घेतला आणि मोजला. चव्वेचाळीस. पुन्हा मोजला. चव्वेचाळीस. पोटावरची जुनी चीर उचलून पाहिली, तर आत दाणेदार अंडी. स्पिरिटात बेडूक आकसतो, वाढत नाही. आणि कितीही वर्षं ठेवला तरी नर अंडी धरत नाही.

त्यांनी वरची ओळ वाचली. चारशे अकरा. मादी. सेहेचाळीस. ठिकाण, पाणीपुरवठ्याच्या जुन्या टाकीखालची वाहती चर.

मग त्यांनी नोंदवही ओढली. चारशे अकरा आणि चारशे बारा यांच्यापुढे एकाच तारखेला, एकाच कोवळ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'धागा कुजला, नवा बांधला.' खाली आद्याक्षरं. बाईंचीच.

नोकरीला तीन महिने झाले होते तेव्हा. महिन्यात दोनशे बरण्या करायचा हुकूम होता, आणि नव्या सुनेसारखी कामाची चुणूक दाखवायची हौस. दोन बरण्या एकदम उघडल्या असणार, दोन्ही बेडूक एका ताटात, सुटलेल्या चिठ्ठ्या शेजारी. आणि बांधताना याची त्याला, त्याची याला. बारा दिवस त्या बेडकाला शोधत त्या घाटात हिंडल्या. तो घाटातला नव्हताच.

तळघरात दुसरं कोणी नव्हतं. कात्री हाताशी होती. दोन धागे कापायचे, दोन गाठी मारायच्या. पाच मिनिटांचं काम. चारशे अकरा पुन्हा चारशे अकरा झाला असता आणि जगात कुणाला पत्ता लागला नसता. बाईंनी कात्री उचलली, धाग्याजवळ नेली, आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर लावला.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला दुकानातच गाठलं. घड्याळजींनी डोळ्याचं भिंग न काढता सगळं ऐकून घेतलं.

"मग गुपचूप बदल की. कोणाला कळणार आहे?"

"अहो, पन्नास वर्षांनी कोणीतरी बरणी उघडेल. तिला माझ्या गाठीशिवाय दुसरा आधार काय?"

"पन्नास वर्षांनी ती तुला रागवायला येणार आहे का?"

"यायची नाही. म्हणूनच."

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. या आवाजातल्या बाईशी वाद घालण्यात वेळ जातो हे त्यांना कुठल्याही घड्याळाविना कळत होतं. "साहेब सोलून काढेल," एवढंच ते म्हणाले.

साहेबांनी सोललं नाही. ते खूश झाले, हे जास्त लागलं. "म्हणजे बाई, बेडूक कुठला हेच नक्की नाही. आणि तुमच्या हातची एक चिठ्ठी चुकली म्हटल्यावर बाकीच्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? सोडून द्या हा विषय. तुमच्याच भल्याचं सांगतो."

"सोडणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तीनशे अठरा बरण्यांतले धागे बदलले होते. सगळ्या टिपणवहीशी ताडून बघते. माप, नर-मादी, सापांचे खवले, सगळं."

"तीनशे अठरा! आणि सुरुवात कधी करणार?"

"सकाळी केली. चार झाल्या."

साहेबांनी चष्मा काढला, पण पुसायचं विसरले.

पाच आठवडे लागले. बाई सकाळी आठला खाली उतरत. एक बरणी उघडायची, मोजायचं, ताडायचं, बंद करायची; मग दुसरी. सापांचे पोटावरचे खवले मोजताना कोणी हाक मारली तर ओ देत नसत, कारण एकशे बासष्टवर हाक आली की पुन्हा एकपासून. छोटी डॉक्टर मदतीला बसली. पहिल्या दिवशी वेळ वाचवायला तिने दोन बरण्या शेजारीशेजारी उघडल्या. बाईंनी चारशे बाराची बरणी आणून तिच्यासमोर ठेवली आणि आपल्या जागी जाऊन बसल्या. डॉक्टरने एक झाकण मुकाट्याने लावलं.

तीनशे अठरांपैकी तीनशे सोळा बरोबर निघाल्या. चुकलेल्या दोन त्याच, चारशे अकरा आणि चारशे बारा. या खटाटोपात आणखी एक गोष्ट हाती लागली: टिपणवहीत म्हाताऱ्या संग्राहकांनी ठसठशीत 'नर' लिहिलेला एक हिरवा साप, पोटात सात अंडी घेऊन. बाईंनी त्याचीही दुरुस्तीची चिठ्ठी लिहिली आणि तिन्ही चिठ्ठ्या सहीसाठी वर नेल्या.

मोठे साहेब सापाच्या चिठ्ठीपाशी थांबले. त्यांनी भिंतीवरच्या गुरूंकडे पाहिलं. गुरू फोटोत निवांत होते.

"ही... लिहायलाच हवी का, बाई?"

"माझ्या दोन लिहिल्यात ना, साहेब."

त्यांनी चष्मा पुसला, अगदी सावकाश, आणि तिन्हींवर सही केली. "टाकीवर कधी जाताय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

टाकी शहराच्याच कडेला होती, बसने पंचवीस मिनिटं. दुपारी नुकतीच सर येऊन गेली होती. पंपघराच्या मागे टाकीचं जादा पाणी दगडी चरीतून धडधडत खाली जात होतं; दोन्ही काठांना नेचे माजलेले, आणि पंपांचा असा आवाज की डॉक्टरचा नगाराही ऐकू येईना. तिचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र तर कुचकामीच. दोन तास दोघी ओणव्या फिरल्या. बाईंच्या कमरेने हात टेकले होते, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

मग ओल्या दगडावर एक बोटभर बेडूक दिसला. त्याने गळा फुगवला. आवाज पाण्यात बुडाला. आपलं कोणी ऐकत नाही हे जणू त्यालाही ठाऊक असावं, कारण लगेच त्याने मागचा एक पाय हळूच मागे ताणला आणि पंजा उघडून धरला. समोरच्या दगडावरून दुसऱ्याने तसंच उत्तर दिलं. बाई गुडघ्यांवर बसल्या, भिंग डोळ्याला लावलं. पडदा अर्ध्यावर थांबलेला. अर्ध्या बोटांपर्यंत पांढराशुभ्र, पुढे मोकळी बोटं.

साहेबांपुढे चार महिने ज्या पायाची वकिली केली, तो पाय आता स्वतःच उचलून दाखवला जात होता. डॉक्टरने बाईंचा दंड इतका जोरात धरला की वळ उठला.

जनुकांचे अहवाल आले, लेख तयार झाला. डॉक्टरने लिहिलं होतं, 'जुन्या काळातील गोंधळामुळे नमुन्याचे ठिकाण चुकीचे नोंदले गेले.' बाईंनी पेन्सिलीने ते वाक्य खोडलं. "जुना काळ कुठला? मी इथे बसलेय. लिही, संग्रहाची काळजी घेणाऱ्या बाईने दोन बरण्या एकदम उघडल्या आणि चिठ्ठ्या उलटसुलट बांधल्या."

"बाई, हे जगभर वाचतील!"

"वाचू देत. तू बेडकाला माझं नाव द्यायचं म्हणत होतीस, ते नको. हे वाक्य ठेव."

नव्या जातीचा मूळ नमुना, म्हणजे पुढचे सगळे बेडूक ज्याच्याशी ताडायचे तो, म्हणून चारशे बाराच्या बरणीतली ती मादीच ठरली. मूळ नमुन्याला तांबडी चिठ्ठी असते. लेख छापून आला त्या दिवशी बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि बरणी उघडली. मादीच्या पायाला त्यांच्या कोवळ्या हाताची चुकीची चिठ्ठी होती, शेजारी दुरुस्तीची, साहेबांच्या सहीची. तिसऱ्या चिठ्ठीला जागाच उरली नव्हती. बाईंनी दुसरा पाय घेतला, आणि अर्ध्या पडद्याला धक्का लागू न देता तांबड्या चिठ्ठीची गाठ मारली.

झाकण घट्ट लावलं. मग शेजारच्या बरणीकडे हात नेला.