जिभेखालचं भस्म

पानिपतच्या अलीकडे हायवेला लागून लग्नाचं एक लॉन आहे. दर गुरुवारी तिथे गाड्या लावायला जागा उरत नसे. मंचावर हृदयनाथबाबा बसत. कुणी छाती धरून पायऱ्या चढला, की बाबा त्याच्या जिभेखाली चिमूटभर भस्म ठेवत. "निगलना मत, बोलना मत. अब ऊपरवाला बोलेगा." थोड्याच वेळात माणसाची कळ थांबे, तो ताठ उभा राही आणि गर्दी जयजयकार करी.

माझे मामा, श्रीरंग, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होऊन दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये राहत. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या. चाललं की छाती आवळायची, थांबलं की ओसरायची. गोळ्या रोजच्या आणि आयुष्यभराच्या होत्या. त्या 'आयुष्यभरा'लाच ते कंटाळले होते. मी डॉक्टर. मला म्हणत, "विनया, तुम्ही लोक बरं करत नाही, नुसतं चालू ठेवता." ते खरंच होतं.

एका शेजाऱ्याबरोबर मामा-मामी लॉनवर गेले. मंचाच्या पायऱ्या चढताना मामांच्या छातीत दुखलं, भस्माने थांबलं. मग डोकं ठणकायला लागलं. बाबा म्हणाले, "रोग सिर के रास्ते निकल रहा है." पुड्या घरी आल्या, दिवसरात्र घ्यायच्या. अट एकच: बाकी सगळी औषधं बंद. मामांनी ती पाळली आणि मला कळू द्यायचं नाही, असं अलकनंदामामीला बजावलं.

सुरुवातीला ते खूश होते, सोसायटीच्या बागेला फेऱ्या मारत. मग पुड्यांचा गुण येईना. मामीने जाऊन विचारलं, तर बाबा म्हणाले, "भस्म वही है, श्रद्धा घट गई है." मामांनी जप वाढवला. एका सकाळी ते अंघोळीला जाताना कोसळले, ते उठलेच नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर मामीने मला हे सगळं सांगितलं. "त्यांचा विश्वास कमी पडला गं," ती म्हणाली. "नाहीतर माझा."

मला ते ठणकणारं डोकं खटकलं. छातीदुखीवर नायट्रेट नावाचं औषध देतात. ते सुरू केलं की अनेकांचं डोकं तसंच ठणकतं. मामांचंही पूर्वी ठणकलं होतं. उरलेली पुडी मी अंशुमन या मित्राच्या प्रयोगशाळेत दिली. राखेत नायट्रेटच्याच गोळ्या कुटून घातलेल्या निघाल्या.

मी मामीला समजावलं. जिभेखाली ठेवलं की हे औषध लगेच रक्तात जातं, रक्तवाहिन्या सैल करतं, कळ थांबते. पण ते दिवसरात्र घेतलं तर शरीर त्याला सरावतं आणि गुण उरत नाही. म्हणून डॉक्टर रोज काही तास त्याच्याविना ठेवतात. शिवाय मामांनी रक्ताची गुठळी रोखणारी गोळी सोडली होती, आणि हृदयाचा वेग आवरणारी गोळीसुद्धा. ती दुसरी एकदम बंद करणं फार धोक्याचं असतं.

मामीने विचारलं, "म्हणजे शेवटपर्यंत ते स्वतःलाच दोष देत होते?"



आम्ही पोलिसांत तक्रार केली. चौकशी होईपर्यंत बाबांचा गुरुवारचा दरबार चालूच राहिला. म्हणून पुढच्या गुरुवारी मामी लॉनच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. रांगेतल्या प्रत्येकाला सांगू लागली, की भस्मात औषधच आहे, आपल्या गोळ्या सोडू नका. आजारी नवऱ्याला घेऊन आलेली एक बाई चिडून म्हणाली, "आपके पति की श्रद्धा कम रही होगी."

"श्रद्धा पूरी थी," मामी शांतपणे म्हणाली. "दवा बंद थी."

बाई रांगेतच राहिली. तिच्या मागचे दोघे मात्र बाहेर पडले.

कळ थांबली म्हणजे आजार गेला, असं नसतं. आयुष्यभराची गोळी कंटाळवाणी असते, पण त्या कंटाळ्यातच आयुष्य असतं. ती सोडायला सांगणारा कुणीही असो, आधी आपल्या डॉक्टरला विचारा. आणि गुण न आल्याचा दोष जो तुमच्या श्रद्धेवर टाकतो, त्याच्या दारातून आल्या पावली परत फिरा.