कपाटात म्हातारा झालेला बूट

मित्रांनो, बूट चालून चालून जुना होतो, पण मी बसून जुना झालो. मी डाव्या पायाचा. उजव्या पायाचा माझा भाऊ आता नाही, म्हणून दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते आहे.

कारखान्यात आमचं जाड कातडं साच्यावर ताणलं, टाके घातले आणि खाली फोमचा मऊ तळ चिकटवला. दुकानातून आम्हाला एका घड्याळजीने घेतलं. दिवसभर मान मोडून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला डोंगर चढायचे बूट कशाला, असं दुकानदारालाही वाटलं असेल. पण घड्याळजीचे दोन जिवलग मित्र होते. एक दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्याला सगळे पेंटरच म्हणत. दुसरा बसचा ड्रायव्हर. गावामागच्या डोंगराच्या धारेवर ओळीने पाच शिखरं होती. ती एका दिवसात पालथी घालायची, असं तिघांनी ठरवलं होतं. गेलो तर तिघं, नाहीतर कोणीच नाही, असं त्यांनी एकमेकांना वचन दिलं होतं.

या वचनानेच घात केला. ड्रायव्हरला रजा मिळाली की घड्याळजीच्या मुलीची परीक्षा असे. परीक्षा संपली की पेंटरकडे पाट्यांचं काम तुंबलेलं असे. मुहूर्त काही लागेना. दर रविवारी घड्याळजी आम्हाला कपाटातून काढी, पॉलिश करी आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवी.

"अहो, बाजारात तरी घालून जा," बायको म्हणे.

"छे, डोंगरासाठी आहेत ते."

तळहाताच्या फोडासारखं त्याने आम्हाला जपलं. घड्याळ बंद ठेवलं की आतलं तेल घट्ट होतं, हे गिऱ्हाइकांना बजावणारा हा माणूस! आमच्या बाबतीत मात्र त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. अंधाऱ्या कपाटात वर्षं सरत गेली आणि आमचा फोम आतून कुजत गेला. मला ते कळत होतं, पण बूट सांगणार कोणाला?

मग एका संध्याकाळी पेंटर घरी आला.

"डॉक्टर म्हणाले, नजर जाणार. आत्ताच समोरचं पुसट दिसतं," तो म्हणाला. "पाचव्या शिखरावरून समुद्र दिसतो म्हणतात. जन्मभर पाट्यांवर समुद्र काढला रे, पण सगळा अंदाजपंचे. एकदा खरा बघू दे."

येत्या रविवारीच निघायचं ठरलं. ड्रायव्हरने रजा मागितलीच नाही, सरळ दांडी मारली.

त्या सकाळी माझा आनंद गगनात मावत नव्हता. पहिलं शिखर आम्ही हसतखेळत चढलो. पेंटर घड्याळजीच्या पाठपिशवीचा पट्टा धरून चालत होता. मागून ड्रायव्हर आपलं सुटलेलं पोट सांभाळत धापा टाकत येत होता.

"बस असती तर केव्हाच पोचलो असतो," तो म्हणाला.

"तुझी बस? ती सपाटीवरसुद्धा ढकलावी लागते," पेंटर म्हणाला.

दुसऱ्या शिखरावर डबे उघडले. तिसऱ्याच्या चढावर माझ्या भावाचा तळ टाचेपासून सुटला आणि भिजलेल्या पावासारखे त्याचे तुकडे पडले. घड्याळजीने तो दोरीने बांधला, तोवर माझाही तळ गेला. नुसतं कातडं खडकावर घसरायला लागलं. धार अरुंद होती आणि दोन्ही बाजूंना दरी. घड्याळजीचा पाय सटकला आणि पट्टा धरलेला पेंटरही त्याच्याबरोबर कड्यापर्यंत घसरत गेला. ड्रायव्हरने कसंबसं दोघांना मागे ओढलं. माझा भाऊ मात्र पायातून निसटून दरीत गेला.

"तू इथे बस, मी याला पुढे नेतो," ड्रायव्हर म्हणाला.

"नको. तिघं म्हणजे तिघं," पेंटर म्हणाला.

घड्याळजीने मला पिशवीत टाकलं आणि तो अनवाणी निघाला. तिसऱ्या शिखरावर पोचेपर्यंत त्याचे तळवे रक्ताने माखले होते. आणखी एक पाऊल टाकणं शक्य नव्हतं.

"समोर काय आहे?" पेंटरने विचारलं.

"चौथं शिखर."

"आणि त्याच्यामागे?"

"काही दिसत नाही रे इथून," घड्याळजी म्हणाला आणि रडायला लागला.

पेंटरने चाचपडत पाठपिशवीचा पट्टा पुन्हा धरला. मग म्हणाला, "चला, उतरू. अंधार पडला तर माझं काही अडणार नाही, तुमचे हाल होतील." ड्रायव्हरने घड्याळजीला आधार दिला आणि सगळे उतरायला लागले.

घड्याळजी मला बूट दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेला. त्याने बोटाने माझा उरलेला तळ चुरला. "हा झिजलेला नाही साहेब. पडून पडून मेलाय," तो म्हणाला.

त्याच दिवशी घड्याळजीने नवे बूट आणले. पण तळवे भरून यायला वेळ लागला, मग ड्रायव्हरची रजा अडली आणि तेवढ्यात पेंटरची नजर गेली. घड्याळजी त्याला म्हणाला, "चल, हात धरून नेतो."

"आता कशाला?" पेंटर म्हणाला. "घरातून दिसतो तेवढाच तिथूनही दिसेल."

त्यानंतर घड्याळजीने डोंगराचं नाव काढलेलं नाही. मित्रांनो, वस्तू जपून ठेवा, असं तुम्हाला नेहमी सांगतात. मला जपलं नाही, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? ते नवे बूट माझ्याशेजारी याच कपाटात, खोक्यात पडून आहेत. त्यांनी अजून माती पाहिलेली नाही, आणि त्यांचा तळ आता आतून कुजायला लागला आहे. तुमच्यापैकी कोणाच्या पायात ते बसत असतील तर घेऊन जा. उद्या नको, आजच या.