थांब गं, लिहितेय

सुलक्षणाची नोकरी टांगणीला लागली होती. अंधेरीच्या त्या कॉम्प्युटर कंपनीत तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे शनिवारी ठरणार होतं. काम औषधांच्या याद्या मशीनमध्ये भरायचं, आणि तिने दिवसाच्या शेवटी भरलेली नावं रोज सकाळी फाइलमधून गायब! कामतसाहेब तर सरळच म्हणाले, "काम न करताच झालं म्हणून सांगता." त्या दिवशी तिने डबा न उघडताच घरी नेला.

बेटी तिथली प्रोग्रामर, मरोळ गावठाणातली ख्रिस्ती मुलगी. संध्याकाळी ती शेजारी स्टूल ओढून बसली. "रोज करतेस तस्संच कर ना. मी मध्ये बोलणार नाय."

सुलक्षणाने शेवटचं नाव भरलं. नोंद झाल्याची ओळ पडद्यावर उमटली मात्र, ती उठली, मेन स्विचचा खटका खाली ओढला, मशीनला हात जोडले आणि पर्स उचलली. वडील गिरणीतले, कापसाची आग डोळ्यांनी पाहिलेले. काम संपलं की आधी खटका, मग कुलूप, हे त्यांनी लेकीच्या अंगात मुरवलं होतं.

बेटीने कपाळावर हात मारला. "अगं बाई! या मशीनवर युनिक्स चालतो. तू लिहिलेलं आधी आठवणीत ठेवतो, मग सवडीने डिस्कवर उतरवतो. त्याआधीच तू वीज तोडतेस! आधीच्या पोरी पावडर लावायच्या, केस विंचरायच्या, तेवढ्यात त्याचं उरकायचं. तूच एकटी शिस्तीची!"

म्हणजे चूक आपलीच. साहेबांना सांगून टाकायचं सुलक्षणाने ठरवलं.

शनिवारी साहेबांसमोर ती कबूल करायला तोंड उघडणार, तोच बेटी बोलली, "चूक माझ्या प्रोग्रामची, सर. लिहून व्हायच्या आधीच झालं म्हणून सांगायचा. आता नाय सांगणार."

साहेबांनी बेटीला फैलावर घेतलं. तिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. सुलक्षणा कायम झाली. सख्ख्या बहिणीनेही एवढं केलं नसतं, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले.

संध्याकाळी बेटी लवकर गेली होती. काम संपलं, सवयीने सुलक्षणाचा हात खटक्याकडे गेला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ आली: 'थांब गं, लिहितेय.' डिस्कचा दिवा लुकलुकत राहिला. मग दुसरी ओळ: 'झालं. आता खुशाल बंद कर.'

तिने खटका ओढला. मग बेटीच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून हात जोडले.