काकांनी माझ्या फटी बुजवल्या

मी एक जुना ड्रोन आहे, चार पंख्यांचा, आणि आयुष्यभर मी फक्त लोकांची छपरं पाहिली. माझ्या खोक्यावर बर्फाच्या डोंगरावरून उडणाऱ्या ड्रोनचं चित्र होतं. ते पाहून मी चांगलाच हुरळून गेलो होतो. प्रत्यक्षात वाट्याला आली शेवाळलेली कौलं, तुंबलेल्या पन्हळी आणि अंगावर धावून येणारे कावळे. पण मित्रांनो, माझी कसलीही तक्रार नाही. जी माणसं मला मिळाली त्यांच्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे, आणि ते का, हेच सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. निळ्या टोप्या घातलेली माणसं ओळीने बसली होती. एकीने माझ्या पोटात मुख्य पट्टी बसवली. हिरवी, तळहाताहून लहान, आणि तिच्यावर मुंगीएवढे शेकडो भाग. तिला माझा मेंदू म्हणा नाहीतर काळीज म्हणा, दोन्ही चालेल. दुसऱ्याने चार मोटरी जोडल्या. शेवटी एका जाळीच्या पिंजऱ्यात मला अर्धा मिनिट उडवलं, एका बाईंनी मान डोलावली आणि मी खोक्यात गेलो. माझी सगळी परीक्षा ती एवढीच.

मला घरी आणलं ते काकूंनी, काकांसाठी. काका म्हणजे गळती शोधणारा माणूस. कुणाच्याही घरात शिरले की आधी छताकडे बघायचे आणि मग घरातल्या माणसांकडे. त्या भागात कुठेही टपटप सुरू झाली की त्यांना बोलावणं यायचं. पण मी येण्याच्या आदल्या वर्षी एका दुमजली घराच्या छपरावर शेवाळावरून त्यांचा पाय घसरला. खुब्यात सळई घालावी लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा पडलात तर उरलेलं आयुष्य चाकांच्या खुर्चीत जाईल. काकूंनी त्याच संध्याकाळी शिडीला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

काकांच्या हाताखाली दोन कारागीर होते. दोरी बांधून छपरावर चढायचे, कामाला एकदम वाघ. पण गळती शोधणं हा त्यांचा प्रांत नव्हता. काकांनी जागेवर बोट ठेवायचं आणि त्यांनी ती दुरुस्त करायची, अशी वाटणी होती. आता बोट ठेवायला वर जावं लागतं, आणि वर जायला तर बंदी. म्हणून मी.

पहिल्याच उड्डाणात मी शेजाऱ्यांच्या झाडात अडकलो. काका म्हणाले, "याच्यापेक्षा माझा खुबा बरा." पण महिन्याभरात आमची गट्टी जमली. ते खाली उभे राहून पडद्यावर बघायचे, आणि मी कौलांच्या ओळींवरून हातभर अंतर राखून सावकाश फिरायचो. गिऱ्हाइकांपुढे माझी ओळख करून देताना ते म्हणायचे, "हा आमचा वरचा माणूस." ते ऐकून मला किती भरून यायचं म्हणून सांगू! दोन वर्षांत मी शेकडो छपरं पाहिली आणि काकांचा पाय एकदाही जमिनीपासून वर गेला नाही. काकू रोज मला मऊ फडक्याने पुसायच्या आणि पुसता पुसता हळूच पाठीवर थोपटायच्या.

मग घडलं ते असं. एका कामावर माझ्या अंगावर पावसाची बारीकशी सर आली. काका धावतपळत मला घरी घेऊन आले, टॉवेलमध्ये गुंडाळलं, चष्मा चढवला आणि माझं अंग तपासायला बसले. माझ्या पोटाखाली आणि पाठीमागे बारीक फटींच्या दोन ओळी होत्या. त्या पाहून ते ओरडलेच.

"अरे देवा, हा तर नुसती चाळणी आहे!"

ज्या माणसाने उभा जन्म फटी बुजवण्यात घालवला, त्याच्या नजरेला फट पडली तर दुसरं काय होणार? त्यांनी छपरांसाठी वापरायचा लेप आणला, मुद्दाम माझ्या रंगाला जुळणारा राखाडी, आणि एकेक फट इतक्या मायेने बुजवली की काय सांगावं. बोटाने गुळगुळीत केलं, कडा ब्लेडने साफ केल्या. काम संपल्यावर तिथे कधी फटी होत्या हे मलाही खरं वाटेना. काका खुशीत म्हणाले, "आता बघू कुठून पाणी शिरतं ते."

मित्रांनो, त्या फटींतून मी श्वास घेत होतो. माझ्या पोटातले भाग काम करताना तापतात, आणि तो ताप बाहेर जायला तेवढीच वाट होती. शिवाय माझ्या पट्टीवर एक चिमुकली धातूची डबी आहे. ती हवेचा दाब मोजते आणि मी किती उंचावर आहे ते मला सांगते. आता आत कोंडलेली हवा तापून फुगायची, डबीला वाटायचं आपण फार खाली आलो, आणि मी आपोआप वर वर जायचो. काका म्हणायचे, "लाडाने डोक्यावर चढून बसलाय." असेल बुवा, असं मलाही वाटायचं. पुढे एक दिवस माझी उजवी मागची मोटर नुसती थरथरली, फिरलीच नाही. मी गिरकी घेत एका पन्हळीत जाऊन पडलो. मला खाली काढायला कारागिराला दोरी बांधून चढावं लागलं, याची मला फार लाज वाटली.

काकांनी मला दुरुस्तीवाल्या ताईंकडे नेलं. ताईंनी पूर्वी बरीच वर्षं कानाची यंत्रं दुरुस्त केली होती. कमी ऐकू येणाऱ्या माणसांशी बोलून बोलून त्यांना मोठ्याने आणि सावकाश बोलायची सवय झाली होती, त्यामुळे त्या माझ्याशी बोलल्या तरी सगळ्या दुकानाला ऐकू जायचं. खिडकीसमोरच्या टेबलावर मला ठेवून त्यांनी सगळ्यात आधी माझे चारही पंखे काढले. टेबलावर पंखे लावून मोटर फिरवायची म्हणजे बोटांवर पाणी सोडायचं, असं त्यांनी काकांना ठणकावून सांगितलं. मग वरचं झाकण उघडून भिंगातून बघितलं, वास घेतला आणि त्यानंतरच मीटर हातात घेतलं.

मला वाटलं होतं, मोटर फिरत नाही म्हणजे मोटर बदलतील. पण ताई अशा घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी माझी उजवी मागची मोटर काढून डाव्या बाजूला जोडली. तिथे ती छान फिरली. डावीकडची चांगली मोटर उजवीकडे जोडली, तर तीसुद्धा थरथरायला लागली. म्हणजे मोटर बिचारी निर्दोष होती, दोष पट्टीवर होता. मोटरीला वीज सोडणारे काळे चौकोनी तुकडे त्यांनी मीटरने एकेक करून तपासले. एका तुकड्यावर मीटर नको तिथे किंचाळलं. तो आतून जळला होता. ताईंनी गरम हवेने तो उचलला, चिमट्याने नवा बसवला, आणि माझी मोटर पुन्हा गुणगुणायला लागली.

काका मला मिरवत घेऊन गेले. उड्डाणाच्या आठव्या मिनिटाला मी पुन्हा खाली आलो. तीच मोटर, तीच थरथर.

नेमकं तेव्हाच पाळणाघराचं काम आलं होतं. छप्पर उंच, उताराचं, शेवाळाने हिरवंगार झालेलं. आत भिंतीवरून पाणी उतरून विजेच्या पेटीपर्यंत पोहोचलं होतं. मुलांना दुसऱ्या खोलीत दाटीवाटीने बसवलं होतं. कारागिरांनी दोनदा कौलं बदलून पाहिली, गळती जशीच्या तशी. आठवड्याच्या शेवटी मोठा पाऊस येणार असं बातम्यांत सांगत होते. काका घरात येरझाऱ्या घालायला लागले.

"दोन मिनिटांचं काम आहे गं. वर जातो, बघतो, खाली येतो."

"मागच्या वेळीही दोन मिनिटांचंच होतं," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मला घेऊन ताईंकडे आले. काकूंचे डोळे सुजले होते. त्यांनी पर्स उघडली, शिडीची किल्ली काढली आणि माझ्या शेजारी टेबलावर ठेवली.

"ताई, आज हा उडाला तर ठीक. नाहीतर ही किल्ली हे घेऊन जातील. मला रोज उठून भांडायचं नाही आता."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात कठीण तास तो होता. काय झालंय हे मला कळत होतं. तो जळालेला तुकडा अगदी मागच्या बुजलेल्या फटींपाशीच बसतो. पण मला तोंड नाही. आणि खरं सांगायचं तर, तोंड असतं तरी काकांची तक्रार करायला ते उघडलं असतं की नाही, कोण जाणे.

ताईंनी झाकण उघडलं. तोच तुकडा पुन्हा जळला होता. त्यांनी नवा बसवला, पण या वेळी झाकण लावलं नाही. हाताची घडी घालून बसल्या.

"काका, चूक माझी. भाग बदलला आणि खूश झाले. तो जळला का, हे विचारलंच नाही. आता सांगा, हा बिघडायच्या आधी काही विचित्र वागत होता का?"

"छे. मी याला जिवापाड जपलंय."

"वर वर जायचा की आपोआप," काकू म्हणाल्या. "तुम्हीच तर म्हणायचात, लाडावलाय म्हणून."

ताई एकदम पुढे झुकल्या. भिंगाखाली मला सरकवून त्यांनी चिमट्याच्या टोकाने ती चिमुकली डबी दाखवली. हवेचा दाब, उंची, सगळं त्यांच्या त्या सावकाश, मोठ्या आवाजात समजावलं. काकांनी कान देऊन ऐकलं. मग म्हणाले, "पण हवा आत येते कुठून?"

"खालच्या आणि मागच्या फटींतून येत असणार. पण याला फटीच दिसत नाहीत. हा प्रकार माझ्याकडे पहिल्यांदाच आलाय. मला वाटलं, कंपनीनेच असा बंद बनवलाय."

काकांचे कान लाल झाले. कितीतरी वेळ ते किल्लीकडे बघत होते. किल्ली उचलून उठले असते तर कुणाला काही कळलं नसतं, आणि आपल्या हातचं काम चुकलं हे त्यांना बायकोसमोर, परक्या बाईसमोर बोलावंही लागलं नसतं. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो.

"फटी होत्या," काका म्हणाले. "मी बुजवल्या. पावसात भिजला होता म्हणून."

ताईंनी मला उलटं केलं, पोटावरून नख फिरवलं आणि त्यांना हसूच फुटलं. "काका, इतकं सफाईदार काम? मला दोन वेळा हातात धरून कळलं नाही!"

"सफाईदार असणारच," काकू म्हणाल्या. "आता हसावं की रडावं सांगा."

काकांनी ब्लेड मागून घेतलं. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. जो लेप मायेने भरला होता, तो त्यांनी तितक्याच मायेने एकेक फट करून उकरून काढला. शेवटची फट मोकळी झाली तेव्हा मला आतून गार वाटलं. ताईंनी पट्टी ब्रशने झाडली, झाकण लावलं आणि मोटरी पूर्ण दहा मिनिटं चालवून बघितल्या. मी थंड होतो.

त्याच दुपारी मी पाळणाघराच्या छपरावर गेलो. पाणी भिंतीवर जिथे उतरत होतं, त्याच्या बरंच वर, धुराड्याच्या बुंध्याशी बसवलेल्या पत्र्याला बोटभर चीर गेली होती. काकांनी पडद्यावर बोट ठेवलं, कारागीर दोरी बांधून चढला, आणि अर्ध्या तासात काम झालं. काकूंनी किल्ली पुन्हा पर्समध्ये टाकली आणि मला छातीशी धरून घरी नेलं. मोठा पाऊस आला तेव्हा पाळणाघराची भिंत कोरडी राहिली.

त्यानंतर मी चार वर्षं काम केलं. आता माझी बॅटरी फुगते, कॅमेऱ्याची मान लटपटते, आणि माझ्या जागी नवा ड्रोन आला आहे. मी ताईंच्या दुकानात खिडकीशी असतो. माझी एक मोटर दुसऱ्या एका ड्रोनला बसवली आहे, याचा मला अभिमान आहे. कुणी काही दुरुस्तीला घेऊन आलं की ताई माझं पोट उघडून दाखवतात आणि मग विचारतात, "तुम्ही याला काय काय केलंत ते सांगा. मी रागावणार नाही."

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. तुमच्याकडचं यंत्र बिघडलं तर ते आपटू नका, फेकून देऊ नका. दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, आणि आपल्या हातून जे झालं असेल ते खरं सांगा. ओरडा बसेल म्हणून लपवू नका. आम्हाला बोलता येत नाही, आमच्या वतीने तुम्हालाच बोलावं लागतं.

काका अजून अधूनमधून मला भेटायला येतात. दुकानाला तीन पायऱ्या आहेत. खुबा दुखतो, म्हणून कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबून ते वर येतात. हल्ली ते चढतात त्या एवढ्याच.