पुलाची लढाई, पहिल्या चालीपासून

प्रतापराव आणि अप्पासाहेब पत्र्याची पेटी दोन्ही बाजूंनी धरून चामराजपेठेतल्या अरुंद जिन्यावरून वर आले, तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. अप्पासाहेब हे कौशल्याचे थोरले भाऊ आणि प्रतापराव त्यांचे शाळेपासूनचे मित्र. दोघंही सत्तरीच्या पुढचे. कौशल्यानं त्यांना पाणी दिलं, पण पेटीत काय आहे ते विचारलं नाही. झाकणावरचा हिरवा रंग तिनंच कधीकाळी दिलेला होता.

पेटीत शिशाचे सैनिक होते, बोटाच्या पेराएवढे, कन्नड वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेले. चाळीस वर्षांपूर्वी दर रविवारी सुलतानपेठेतल्या अप्पासाहेबांच्या घरी आठ-दहा जण जमायचे आणि टेबलावर लढाया लढायचे. तेव्हा असलं काही विकत मिळत नव्हतं. कुणाच्या तरी मामानं परदेशातून आणलेल्या एका मासिकावरून त्यांनी खेळ समजून घेतला, उरलेलं मनानं रचलं. प्रतापराव पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. तिथल्या एका लहान कारखान्यातल्या नागराजकडून त्यांनी साचे करून घेतले आणि शिसं ओतून सैनिक काढले. दोन जुनी दारं शेजारी ठेवून त्यावर हिरवी चादर घालायची. चादरीखाली जाड पुस्तकं सरकवली की टेकड्या व्हायच्या. निळ्या रेक्झिनची पट्टी म्हणजे नदी. शिंप्याच्या टेपनं मोजून सैन्य पुढं न्यायचं, फासे टाकायचे, आणि फाशावर येईल तेवढे गडी आडवे करायचे.

ते सगळे गडी कौशल्यानं रंगवले होते. ती तेव्हा चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. मंडळी खेळत असायची आणि ती खिडकीजवळ स्टुलावर बसून पुढची तुकडी रंगवत असायची. पगड्या, कमरबंद, घोड्यांच्या कपाळावरचे पांढरे ठिपके. हात रंगवण्यात आणि डोळे टेबलावर. टर्पेंटाइनचा वास, तळहातावर शिशाचं ते गार वजन, फासा थांबण्याआधीची शांतता, हे तिला इतकं आवडायचं की सोमवारी सकाळपासूनच ती रविवारची वाट बघायला लागायची. पुढं एकेकाची लग्नं झाली, बदल्या झाल्या आणि मंडळ मोडलं. कौशल्यानं सरकारी शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाली. पण रविवारी दुपारी तिचा हात अजूनही रिकामा वाटायचा.

"अनुषानं घाट घातलाय सगळा," अप्पासाहेब कौतुकानं म्हणाले. अनुषा त्यांची मुलगी. एचएसआर लेआउटमध्ये कुठल्याशा कंपनीत होती आणि शनिवार-रविवार असलेच खेळ खेळायला इंदिरानगरला जायची. "तिथं खेळांचा एक कॅफे आहे. पुण्याचा मुलगा चालवतो, अभिराज. त्याला आपल्या मंडळाबद्दल सांगितलं तर तो मागंच लागला. म्हणतो, जुन्या पद्धतीनं एक लढाई करून दाखवा."

"पुलाची लढाई," प्रतापराव म्हणाले. "दुसरी कुठली? मी म्हटलं, जशीच्या तशी दाखवतो. पण बघ, शिशाला पांढरी पूड धरलीय. रंग उडालेत. तुझ्याशिवाय कोण करणार?"

कौशल्यानं एक घोडेस्वार उचलून फुंकर मारली. "ठेवून जा," ती म्हणाली.

पुलाची लढाई मंडळात प्रसिद्ध होती. ती कुठल्या इतिहासातली नव्हती. एक नदी, एक पूल, एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूला म्हैसूरकर, आणि शेवटी पूल ज्याच्या हातात तो जिंकला. त्या रविवारी म्हैसूरहून दोन पाहुणे खेळायला आले होते आणि मराठ्यांकडून खेळणारे प्रतापराव वेळेवर पोचले नव्हते. तुमकूर रस्त्यावर त्यांची स्कूटर बंद पडली होती. पाहुण्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. तेव्हा अप्पासाहेब, जे त्या दिवशी पंच होते, बहिणीला म्हणाले, "कौशे, तोवर तू हलव जरा."

तिनं ब्रश बाजूला ठेवला आणि हात पुसले. सैन्य कुठल्याही काठावर लपवता यायचं, पण कुठं लपवलं ते पंचाच्या कानात सांगायचं, असा मंडळाचा नियम होता. तिनं भावाच्या कानात सांगितलं, सगळं घोडदळ टेकडीमागं. मग पूल मोकळा सोडला. पाहुण्यांचं पायदळ हळूहळू पूल ओलांडून अलीकडं आलं, तिला हवं तिथं. एका चालीचा प्रश्न उरला होता. एवढ्यात प्रतापराव घामाघूम होऊन दारात आले आणि अप्पासाहेब म्हणाले, "आला बाबा. ऊठ कौशे, चहा ठेव."

ती उठली. स्वयंपाकघरात चहा उकळत असताना तिनं बाहेरचा जल्लोष ऐकला. प्रतापरावांनी घोडदळ टेकडीमागून काढलं होतं आणि म्हैसूरकर नदीत गेले होते. त्या दिवसापासून ती चाल प्रतापरावांची झाली. लग्नाच्या पंगतींत, मुंजीत, साठीच्या समारंभात ती सांगितली गेली. सांगताना कुणी कौशल्याचं नाव घेतलं नाही, आणि तिनंही आठवण करून दिली नाही.

पेटी आल्यावर दोन-तीन आठवडे तिनं दुसरं काही केलं नाही. टूथब्रशनं पूड काढली, मोडके भाले तारेनं जोडले, नव्यानं रंग दिले. रंग देता देता तिचं एक ठरत गेलं. प्रतापराव पेटी न्यायला आले तेव्हा ती म्हणाली, "सैनिक तयार आहेत. पण लढाई मी खेळणार. पहिल्या चालीपासून."

प्रतापराव हसले. "तू? अगं, लोक जुनं ते जसंच्या तसं बघायला येणारेत."

"जसंच्या तसं म्हणजे मीच खेळायला पाहिजे. अर्ध्याच्या वर मीच खेळले होते."

"तू स्वल्प हलवलं असशील गडी. लढाई ती नव्हे."

"घोडदळ टेकडीमागं कुणी ठेवलं होतं, प्रतापराव?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षांनी हे काय काढलंस? अभिराजकडं मशीन आहे. पाहिजे तेवढे सैनिक छापून देतो तो. तुझ्यावाचून अडत नाही."

"सरी, बरं. छापून घ्या," कौशल्या म्हणाली आणि पेटीवर बसली.

रात्री अप्पासाहेबांचा फोन आला. "कशाला हट्ट करतेस? त्याला तेवढीच एक गोष्ट आहे ग सांगायला. वय झालंय त्याचं."

"माझंही झालंय, अण्णा."

"लोक काय म्हणतील?"

"मी तुझ्या कानात सांगितलं होतं. टेकडीमागं. तू पंच होतास."

 अप्पासाहेबांनी, औषध घ्यायचंय, असं म्हणून फोन ठेवला.

ठरलेल्या शनिवारी ती ऑटोत पेटी घालून इंदिरानगरला गेली. कॅफे पहिल्या मजल्यावर होता. मधल्या मोठ्या टेबलावर अभिराजनं टेकडी, कापूस चिकटवून केलेल्या झाडांची आंब्याची बाग, खऱ्यासारखं गवत, पूल आणि चकचकीत नदी मांडली होती, आणि दोन्ही काठांवर मशीनवर छापलेले राखाडी सैनिक उभे होते, बिनरंगाचे, एकाच चेहऱ्याचे. भोवती तिशीतली मुलं-मुली कॉफीचे पेले धरून उभी होती. प्रतापराव इस्त्रीचा शर्ट घालून पुलाची गोष्ट सांगत होते. अप्पासाहेब खुर्चीवर बसले होते.

कौशल्यानं पेटी जमिनीवर ठेवली. "ती चाल त्यांची नव्हती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांनी वळून बघितलं. "माझी होती. हे आले तेव्हा घोडदळ जागेवर उभं होतं. यांनी फक्त पुढं ढकललं."

प्रतापरावांचा चेहरा लाल झाला. "अप्पा, तूच सांग रे."

अप्पासाहेबांनी बहिणीकडं बघितलं, मित्राकडं बघितलं आणि मग खाली बघितलं. "मला नीट आठवत नाही," ते म्हणाले. "फार वर्षं झाली."

अनुषा वडिलांकडं बघतच राहिली. कौशल्याला वाटलंच होतं की असंच काहीतरी होईल. ती म्हणाली, "मला आठवतं. मराठ्यांची बाजू माझी. समोर कोण बसतंय?"

अभिराज गडबडला. "काकू, अ‍ॅक्च्युअली प्लॅन थोडा वेगळा होता, म्हणजे सर डेमो देणार होते..."

"मी बसतो समोर," प्रतापराव खुर्ची ओढत म्हणाले. "होऊन जाऊ दे. पंच तू हो, अभिराज."

कौशल्यानं आपल्या काठावरचे राखाडी सैनिक एका बाजूला सारले आणि पेटीतले मांडायला घेतले. लाल पगड्या, हळदी कमरबंद, पांढऱ्या ठिपक्यांचे घोडे. एका मुलीनं विचारून एक गडी हातात घेतला. "किती जड आहे," ती शेजारच्याला म्हणाली.

आता अडचण अशी होती की टेकडीची चाल सगळ्यांना ठाऊक होती. ती पुन्हा खेळली असती तर प्रतापरावांनी वाटच पाहिली असती. कौशल्यानं थोडा विचार केला आणि अभिराजच्या कानाशी वाकून काही सांगितलं. त्यानं भुवया उंचावल्या आणि ते कागदावर टिपून घेतलं.

खेळ सुरू झाला. तिनं पूल मोकळा सोडला नाही. पायदळ सरळ पुलाच्या तोंडावर उभं केलं. घोडदळ कुठं दिसेना. प्रतापरावांनी टेकडीकडं बघितलं आणि मान हलवली. आपल्या सगळ्या तोफा त्यांनी टेकडीच्या दिशेला वळवल्या आणि निम्मं पायदळ टेकडीवर नजर ठेवायला थांबवलं. उरलेलं निम्मं पुलाकडं निघालं. टेप पसरली जात होती, फासे पडत होते, दोन्हीकडचे गडी आडवे होत होते. 

मग तिनं पलीकडच्या काठावरच्या आंब्याच्या बागेवर बोट ठेवलं. "घोडदळ इथं आहे."

अभिराजनं मान डोलावली. "हो. पहिल्यापासून तिथंच होतं."

प्रतापरावांच्या तोफा रिकाम्या टेकडीकडं तोंड करून उभ्या होत्या. घोडदळ त्यांच्या पाठीवर पडलं. फासे तिच्या बाजूनं पडले आणि एकेक तोफ उचलली गेली. भोवतीची मुलं टेबलावर वाकली.

"टेकडीमागं काही नाही हे मला कळायला हवं होतं," प्रतापराव पुटपुटले.

"कसं कळणार? तुम्हाला तिथं घोडदळ आयतं मिळालं होतं ना एकदा," कौशल्या म्हणाली.

 प्रतापरावांनी थांबवून ठेवलेलं पायदळ पुलाकडं वळवलं. कौशल्याला पुलाकडं बघायला पाहिजे होतं, पण तिचं घोडदळ तोफा सोडून पळणाऱ्या गोलंदाजांच्या मागं लागलं होतं आणि तिला ते थांबवावंसं वाटेना. किती वर्षांनी ते घोडे धावत होते. तिनं त्यांना आणखी एक चाल पुढं जाऊ दिलं. तेवढ्यात पुलावर तिचे अगदी थोडे गडी उरले.

अभिराजनं घड्याळ बघितलं. "एक-दोन टर्न राहिलेत, पण दुसऱ्या ग्रुपचं बुकिंग आहे. ड्रॉ म्हणायचं का?"

"बरोबरी म्हणू," प्रतापराव लगेच म्हणाले. त्यांनी कपाळ पुसलं. "सोडून देऊ, कौशल्या. दोघांचंही नाव राहील."

"नाही," कौशल्या म्हणाली. "मला अर्ध्यात उठवायचं नाही आता कुणी. शेवटपर्यंत."

दुसरा ग्रुप बाजूला उभा राहून बघायला लागला. पुढच्या चालीला पुलावरचे दोन गडी पडले. त्याच्या पुढच्या चालीला तिला दोन्ही फाशांवर मोठे आकडे हवे होते. आले एक आणि दोन. घोडदळ बागेपलीकडं लांब होतं. प्रतापरावांचे राखाडी सैनिक पुलावर चढले आणि अभिराजनं लढाई संपल्याचं सांगितलं.

कौशल्या हरली होती. ती खुर्चीत मागं टेकली, आणि तिच्या लक्षात आलं की तिला भूक लागलीय आणि बरं वाटतंय.

कुणीतरी प्रतापरावांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. पण मुलं तिच्याभोवती जमली. घोडदळ तिनं परत का वळवलं नाही? बागेत लपवायचं कसं सुचलं? "वळवायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "माझीच चूक. तोफा उचलल्या तिथंच थांबून पुलाकडं यायचं. बघा." तिनं पडलेले गडी पुन्हा उभे केले आणि टेप पसरून दाखवायला लागली. एक तरुण म्हणाला, "काकू, पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर खेळाल?" तिनं त्याला आपला नंबर दिला.

सगळं आवरल्यावर अप्पासाहेब जवळ आले. "पेटी प्रतापच्या गाडीत ठेवू या. त्याच्याकडंच राहू दे. मंडळाची आहे शेवटी."

"मंडळाचीच आहे," कौशल्या म्हणाली. "आणि मीही मंडळातली आहे. माझ्या घरी राहील. ज्याला खेळायचंय त्यानं यावं."

"कौशे, माझ्यावर राग धरू नकोस."

"राग आहे, अण्णा. लगेच जाणार नाही तो." तिनं पेटीची एक कडी धरली. "दुसरी बाजू धरतोस का?"

अप्पासाहेब वाकायच्या आत प्रतापरावांनी दुसरी कडी पकडली. दोघं एकेक पायरी सांभाळून जिना उतरू लागले. मधल्या वळणावर प्रतापरावांनी पेटी क्षणभर कठड्याला टेकवली.

"पुढची लढाई नदीची नको," ते म्हणाले. "किल्ल्याची मांडू. मी वेढा घालतो."

"किल्ला माझा असेल तर ठीक आहे," कौशल्या म्हणाली. "चला, खाली ऑटो थांबलाय."